कोकणात बदली झाली, भाड्याचं घर बघताय? आधी हे वाचा

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, ओरोस, अलिबाग, कुठेही नोकरीला येताय आणि पुण्या-मुंबईत भाड्याने राहायची सवय असेल तर इथे आल्यावर पहिल्यांदा चक्रावायला होतं, कारण कागद कोणी मागतच नाही. घर दाखवतात, कोकम सरबत होतं, भाडं ठरतं आणि चावी हातात. ॲग्रीमेंटचा विषय काढला की समोरचा जरा दुखावतोच, "कागद कित्याक व्हयो, तुमी काय परके?" माणसं खरंच चांगली असतात हो, मी घाटावरून आलेली, इतकी वर्षं इथे भाड्यानेच राहतेय, तापाने पडले तेव्हा शेजारच्या काकूंनीच पेज आणून दिली. पण गोडीगुलाबीत सुरू झालेलं भाडं गणपतीच्या तोंडावर किंवा मालकाचा भाऊ मुंबईहून आला की कसं फिरतं ते ऑफिसात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी वकील नाही. स्वतः केलेलं, बघितलेलं आणि वकिलाकडून समजून घेतलेलं तेवढंच सांगते.

१. घर आवडलं तरी आधी मालक कोण ते बघा

इथला सगळ्यात मोठा घोळ हाच. घर दाखवणारा बहुतेक वेळा मालक नसतोच. मालक चाकरमानी, डोंबिवली नाहीतर विरारला, आणि चावी चुलत्याकडे किंवा शेजाऱ्याकडे. शिवाय जुनं वडिलोपार्जित घर असलं तर सातबाऱ्यावर नावांची रांगच असते. एक भाऊ भाड्याने देतो, दुसरा मे महिन्यात येऊन "तुम्हाला कोणी ठेवलं इथे" विचारतो, आणि दोघांच्या भांडणात सामान तुमचं बाहेर येतं.

म्हणून घरपट्टीची पावती किंवा असेसमेंटचा उतारा मागा, गावात असेल तर ग्रामपंचायतीतला नमुना ८, शहरात असेल तर नगरपरिषदेचा. फ्लॅट असेल तर इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा. घरपट्टी म्हणजे मालकीचा पक्का पुरावा नव्हे, पण नाव कोणाचं आहे एवढं तरी कळतं. नावं जास्त असतील तर बाकीच्यांचं साध्या कागदावर का होईना संमतीपत्र घ्या. चुलत्याने सही करायची असेल तर त्याच्याकडे मुखत्यारपत्र पाहिजे, "मी सांगतो ना" हे मुखत्यारपत्र होत नाही.

आणि भाडं शक्यतो मालकाच्या खात्यावरच. चुलत्याच्या हातात रोख देत राहिलात तर ते मालकाला पोचलं की नाही हे नंतर तुम्हालाच सिद्ध करावं लागेल.

२. घर पावसाळ्याच्या हिशोबाने बघा

जानेवारीत इथलं कुठलंही घर सुंदरच दिसतं. कौलारू असेल तर शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट बसवणं, कधी झाली, यंदा कोण करणार, पैसे कोणाचे, हे तिथेच विचारा. स्लॅबचं असेल तर वर पत्र्याची शेड आहे का बघा, नसेल तर जुलैत छतातून ओल उतरते आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. पडवीला झड लागू नये म्हणून दरवर्षी काहीतरी लावावं लागतं, तो खर्चही आधीच बोलून घ्या.

तळमजला असेल तर पुराचं विचाराच. चिपळूणला वाशिष्ठी, खेडला जगबुडी, महाडला सावित्री, राजापूरला अर्जुना-कोदवली, या गावांच्या बाजारपेठांचा पाण्याशी जुना संबंध आहे. चिपळुणात २६ जुलै २००५ ला आणि २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. मालक "फारसं नव्हतं" म्हणणार.

उलटी बाजू मे महिन्याची. विहीर आटते का, सामाईक असेल तर पंप कोणाच्या मीटरवर, टँकर मागवला तर पैसे कोण देणार. अख्ख्या राज्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या भागात पाण्यासाठी भांडणं होतात हे बाहेरच्या माणसाला पटतच नाही.

३. तुम्ही "भाडेकरू" आहात की "लायसेन्सी"?

हे जरा रुक्ष आहे पण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, त्यामुळे टाळू नका.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातलं मोठं संरक्षण खऱ्या भाडेकरूला आहे, म्हणजे भाडं वेळेवर देत असेल तर उगाच काढता येत नाही, काढायला कलम १६ मधलं कारण लागतं, थकबाकीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं, भाडेवाढ वर्षाला ४ टक्के. बाजारपेठेतले जुने भाडेकरू या कायद्यावर टिकून आहेत.

पण आजकाल तुम्हा-आम्हाला मिळतं ते "लीव्ह अँड लायसन्स". याचा अर्थ ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी, घरावर हक्क नाही. मुदत संपली की निघायचं. नाही निघालात तर मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि मुदतीनंतरच्या दिवसांची दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. त्यामुळे "बारा वर्षं राहिलं की घर आपलं होतं" असं कोणी टपरीवर सांगितलं तर चहा पिऊन उठा. तीच भीती मालकांच्याही डोक्यात असते आणि म्हणूनच काहीजण कागद करायला घाबरतात, खरं तर नोंदणी केलेल्या लायसन्सने मालकच जास्त सुरक्षित होतो. मालकाला हे सांगून बघा, माझ्या अनुभवात निम्मे लोक इथेच तयार होतात.

अजून एक, हा १९९९ चा कायदा राज्यातल्या सगळ्या गावांना सरसकट लागू नाही, परिशिष्टात दिलेल्या भागांनाच आहे. घर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर भांडणाच्या वेळी वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा.

आणि मुदत संपायच्या आत काय? त्या काळात मालक मनात आलं म्हणून बाहेर काढू शकत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ मध्ये कलम ६४ आहे, पैसे घेऊन दिलेली परवानगी तुमची काही चूक नसताना मधेच मोडून काढलं तर मालकाकडून भरपाई मागता येते. परवानगी रद्द झाली तरी सामान हलवायला वाजवी वेळ मिळायला हवा, ते कलम ६३.

४. ॲग्रीमेंटमध्ये काय लिहून घ्यायचं

एजंटकडे छापील मसुदा तयार असतो, नावं बदलून सगळ्यांना तोच. त्यात मालकाच्या बाजूचं सगळं असतं, तुमच्या बाजूचं घालून घ्यायला लागतं. निदान एवढं तरी:

- डिपॉझिट किती, कसं दिलं, घर सोडल्यावर किती दिवसात परत, आणि कशापोटी कापता येईल
- नोटीस दोन्ही बाजूंनी सारखी, साधारण एक महिना
- लॉक-इन (म्हणजे मधे घर सोडता न येणारा काळ) असेल तर किती महिने, आणि बदली झाली तर सूट (सरकारी, बँकेतले लोक, हे विसरू नका)
- शाकारणी, गळती, पंप, सेप्टिक टँक कोणाकडे
- पूर, वादळ, छप्पर उडणं यामुळे घर राहण्यासारखं नसेल तेवढ्या दिवसांचं भाडं नाही
- पाणी आणि वीज मालक बंद करणार नाही
- मालकाने घर वापरायला किंवा खोली मागायची नाही, किंवा मागायची असेल तर कधी आणि किती दिवस

शेवटचा मुद्दा वाचून घाटावरचे लोक हसतात. खाली सातवा मुद्दा वाचा मग कळेल.

वादळाचं कलमही उगाच नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीकडे छपरं उडाली तेव्हा कौलं आणि पत्रे कोणी आणायचे यावरून घरोघर वाद झाले. एक ओळ लिहिलेली असती तर वाचले असते.

मुरवलेल्या माशांचं, सुक्या मच्छीचं, कुत्र्या-मांजराचं, पाहुण्यांचं जे काय असेल ते तोंडी तरी आधीच बोला, इथे मच्छीवरून कोणी अडवणार नाही पण काही वाड्यांत उलटं असतं.

५. नोंदणी करा, नोटरी नको

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. "अकरा महिन्यांचंच आहे ना, मग नोंदणी कशाला, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करू." एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही हा देशाच्या नोंदणी कायद्यातला नियम, तिथून हे अकरा महिन्यांचं खूळ आलं. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, मग तो सहा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल तुमचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. हे शेवटचं वाक्य मालकाला शांतपणे एकदा ऐकवा, भांडणाच्या सुरात नको.

खर्च फार नाही. स्टँप ड्युटी पाव टक्का, म्हणजे ०.२५. कशावर, तर मुदतीचं एकूण भाडं, अधिक परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर ते, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून व्याज. समजा भाडं ८,०००, अकरा महिने, डिपॉझिट ३०,०००. भाड्याचे ८८,०००, व्याजाचे २,७५०, मिळून ९०,७५०, त्याचा पाव टक्का म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. वर नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण हद्दीत ५००. मग एजंट तीन-चार हजार सांगतो तेव्हा त्यातली त्याची मजुरी किती ते तुम्हीच काढा. मजुरी घेऊ दे बिचारा, पण सरकारी फी किती हे त्याच्याकडून वेगळं लिहून मागा.

नोंदणी दुय्यम निबंधकाकडे जाऊन होते, नाहीतर नोंदणी विभागाच्या साईटवर ऑनलाईन. ऑनलाईनला आधारवर अंगठा लागतो, एजंट मशीन घेऊन घरी येतो. मालक मुंबईत असेल तरी अडत नाही, त्याचा अंगठा तिकडे, तुमचा इकडे, फक्त त्याला वेळ मिळेपर्यंत पाठपुरावा तुम्हालाच करायचाय.

लागणारे कागद:

- मालक आणि तुमचं आधार, पॅन
- दोघांचे फोटो
- घराचा कागद: घरपट्टी पावती, इंडेक्स टू किंवा लाईट बिल
- दोन साक्षीदार, त्यांची आधार कार्डं
- मुखत्यार असेल तर मुखत्यारपत्र

आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा. कोकणात एकाच माणसाचं गावाकडचं आडनाव वेगळं आणि मुंबईच्या कागदावरचं वेगळं हे सर्रास आहे.

झालं की इंडेक्स टू आणि कराराची प्रत स्वतःकडे ठेवा. गॅस, बँक, मुलांची शाळा, एचआरए सगळीकडे हीच लागते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर एचआरएसाठी मालकाचा पॅन द्यावा लागतो, काही मालकांना ते नको असतं, भाडं ठरवतानाच विचारून टाका.

६. डिपॉझिट आणि चावी घेतानाची कामं

रील्समध्ये सांगतात की कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ते २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे, आणि तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. म्हणजे इथे डिपॉझिट किती ते तुमच्या घासाघिशीवर. मालकाशी वाद घालताना हा मुद्दा काढू नका, त्याचा पुतण्या गूगल करून तुम्हाला खोटं पाडेल.

डिपॉझिट बँकेतून द्या. चावी घेतली त्या दिवशी फोनवर व्हिडिओ काढा, भिंतीवरची ओल, फुटलेलं कौल, नळ, फरशीची चीर, मीटरचं रीडिंग, सगळं, आणि मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्याने नुसता अंगठा दाखवला तरी चालतं. वीजबिलाचा ग्राहक क्रमांक घेऊन जुनी थकबाकी बघून घ्या.

रोख भाडं देत असाल तर पावती मागा, ती देणं मालकावर बंधनकारक आहे, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ३१.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, ते काम मालकाचं. तरी तुम्ही मागे लागून करून घ्या, महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भरता येते. समुद्रकिनाऱ्याच्या गावांत बाहेरच्या माणसाबद्दल चौकशी होतेच, तेव्हा तुमचं नाव आधीच दिलेलं असलेलं बरं.

७. "गणपतीत जरा घर खाली करा हां"

आता मुख्य मुद्दा. चतुर्थीला अख्खी मुंबई गावाला येते आणि मालकाचं कुटुंबही. मग श्रावणात फोन येतो, दहा दिवस तुम्ही गावी जाताच ना, घर आम्हाला लागेल, सामान एका खोलीत ठेवा. तसाच फोन मालवण, गुहागर, दापोली, अलिबागकडे मे महिन्यात नाहीतर दिवाळीनंतर येतो, कारण पर्यटकाला रोजावर दिलं तर तुमच्या महिन्याच्या भाड्याएवढं चार दिवसात सुटतं.

करारात लिहिलेलं नसेल तर तुम्हाला घर खाली करायचं काही बंधन नाही. मुदत चालू आहे, भाडं भरताय, घर तुमच्या वापरात आहे. पण मी म्हणेन सरळ नाही म्हणू नका. गणपतीला माणूस स्वतःच्या घरात येऊ बघतो त्याला नियम दाखवला तर पुढचे अकरा महिने पाणी सोडायला उशीरच होणार. माझा तोडगा असा, बाप्पा बसतात ती माजघराची खोली आणि स्वयंपाकघर चार-पाच दिवस द्यायचं, आपली खोली कुलूपबंद, आणि त्या दिवसांचं भाडं वजा. व्हॉट्सॲपवर लिहून. नवीन करार करताना हेच कलम घालून टाका म्हणजे दरवर्षी कटकट नाही.

पर्यटकांसाठी मागितलं तर मात्र नाही म्हणा. तिथे भावनेचा काही प्रश्न नाही, धंदा आहे. दबाव वाढला तर "मुदत अमुक तारखेपर्यंत आहे, त्याआधी काढलंत तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६४ खाली भरपाई मागेन" एवढा एक मेसेज पुरतो.

माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याला सीझनच्या आधी दाराला दुसरं कुलूप लावलेलं मिळालं होतं. असं झालं तर दार फोडू नका, शिवीगाळ नको. फोटो काढा, ११२ ला फोन करा, पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोलीस "सिव्हिल मॅटर आहे" म्हणतील, तरी तक्रारीची पोच घेतल्याशिवाय हलू नका. बेकायदा ताबा काढून घेतला तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली दिवाणी दावा करता येतो, पण सहा महिन्यांच्या आत, म्हणून वकिलाकडे लगेच जा.

८. गळतंय, आणि मालक फोन उचलत नाही

भाडेकरूसाठी भाडे नियंत्रण कायद्यात कलम १४ आहे. घर राहण्यासारखं ठेवणं मालकाचं काम. त्याने केलं नाही तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या, तरी नाही केलं तर तुम्ही दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकता, वर्षाला एकूण भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. पाणी-वीज तोडणं कलम २९ खाली मना आहे आणि न्यायालय ते पुन्हा सुरू करायला सांगू शकतं. ही दोन्ही कलमं भाडेकरूचं नाव घेऊन लिहिलेली आहेत, म्हणून लायसन्सवर राहणाऱ्यांनी तेच करारात घालून घ्यायचं, चौथ्या मुद्द्यात सांगितलंय ते याचसाठी.

कौलं जुलैत चढून बदलता येत नाहीत, शेवाळ असतं, माणूस घसरतो. नोटीस एप्रिलमध्येच पाठवा.

९. सोडताना आणि डिपॉझिट अडकलं तर

नोटीस लेखी द्या, फोनवर नाही. पुन्हा व्हिडिओ काढा, शेवटचं वीजबिल भरा, चावी दिल्याचा मेसेज करा आणि नोंदलेली मुदत शिल्लक असेल तर करार संपवल्याचा कागद दोघांच्या सहीने घ्या. रंगाचे पैसे कापायची इथे पद्धत आहे, पावसाने आलेल्या ओलीचा रंग तुमच्या डोक्यावर मारला तर चावी घेतानाचा व्हिडिओ काढून दाखवा.

तरी पैसे आले नाहीत तर आधी स्पीड पोस्टाने नोटीस. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण बदली झाली की पुन्हा येणं होत नाही, तेव्हा जायच्या आधीच करा. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथे दावा दाखल व्हायच्या आधीच लोकअदालतीत विषय ठेवता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं तर १५१००. जाताना करार, इंडेक्स टू, बँकेचे उतारे आणि व्हॉट्सॲपचे प्रिंट एका फाईलीत घेऊन जा, आणि प्रिंट काढताना मेसेजवरची तारीख दिसेल असे काढा, नाहीतर परत पाठवतात.